पायताणं सांभाळणारी

अजूनही दारात कुणी आलं की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. माझी लेक यावरून मला चिडवते. तिच्या एका मैत्रिणीचं नाव मी तीनदा विसरले, पण त्या मुलीची डावी चप्पल टाचेकडे जास्त झिजलेली आहे हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी तरी काय करू? मी वाढले जोतिबाच्या डोंगरावर, देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी, नारळ-गुलालाच्या दुकानात. तिथली रीत अशी, की जो तुमच्याकडून नारळ, गुलाल, दवण्याची जुडी घेईल त्याची पायताणं तुम्ही फुकट सांभाळायची. दुकानाच्या फळीखाली वाकून जायची एक जागा होती, आत गोणपाट अंथरलेलं. तिथं बसून जोड लावायचं काम पाचवीपासून माझ्याकडं होतं. चिठ्ठी नाही, नंबर नाही, सगळं डोक्यात. आणि माणसं परत यायची ती नखशिखांत गुलालात न्हालेली, म्हातारा कोण नि पोरगा कोण कळू नये अशी. चेहरा ओळखायची सोयच नसायची. म्हणून मी पाय लक्षात ठेवायला शिकले. कुणाची करंगळी बाहेर डोकावते, कुणाच्या पायात जोडवी आहेत, कुणी पाय घासत चालतो. चार वर्षांत माझ्या हातून एक जोड इकडचा तिकडं झाला नव्हता, आणि याचा मला फार गर्व होता.

रविवार म्हणजे आमच्याकडं धुमाळी. उजाडायच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, फळीवर गुलालाचे ढीग लावायचे आणि पहिली गाडी लागली की त्यांचा आवाज सुरू व्हायचा. "या पावणं, या! पायताणं हितं काढा! वैनी, नारळ बघा की, पाण्यानं भरल्यात!" समोरचा दुकानदारही तेच ओरडायचा, त्याच्या शेजारचाही, आणि खालून देवळातून चांगभलंचा गजर वर यायचा. अशा कोलाहलात मी अभ्यास केलेला आहे. घर दुकानाच्या मागंच होतं. आई तिथं चुलीवर भाकरी थापायची, मध्येच उठून नारळ सोलून द्यायची, परत येऊन थापायची. हात कितीही धुतले तरी नखांतला गुलाल पिठात उतरायचाच. आमच्या घरच्या भाकऱ्या नेहमी किंचित गुलाबी असत. खोबऱ्याला तर तोटाच नव्हता. आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, लसूण घालून कुटलेली खोबऱ्याची चटणी बारा महिने. गुळाचा खडा मिळाला तर खोबऱ्याबरोबरच. आज कुणी मला प्रेमानं खोबऱ्याची वडी दिली तर मी ती पर्समध्ये ठेवते आणि घरी येऊन दुसऱ्याला देते.

अण्णांविषयी लिहायचं टाळता येणार नाही. गिऱ्हाइकापुढं त्यांचा आवाज लोण्यासारखा असायचा आणि सगळी मिरची घरात. दिवसभर 'व्हय मालक, व्हय वैनीसाब' म्हणून वाकून आलेला माणूस संध्याकाळी घरात ताठ व्हायचा. त्यांचा हात दगडाखाली होता हे आज मला समजतं. चांगल्या गिऱ्हाइकाची एक गाडी समोरच्या दुकानाकडं वळली तर महिनाभर कमी पडायचं. समजतं, पण समजलं म्हणून राग जातो असं कुणी सांगितलं? माझा गेलेला नाही. मी तो पन्नाशीपर्यंत नीट सांभाळून आणला आहे. सांभाळायची सवयच आहे मला.

कोल्हापुरातले एक डॉक्टर होते, त्यांचं कुलदैवत जोतिबा. महिन्यातून एका रविवारी दोन गाड्या भरून माणसं घेऊन यायचे आणि सगळं आमच्याकडूनच घ्यायचे. माझी नववीची परीक्षा झाली होती, ऊन रणरणत होतं. त्या रविवारी डॉक्टरीणबाईंच्या पायात नवे सँडल होते. मोरपंखी रंगाचे, पानाच्या आकाराचं पितळी बक्कल. असा जोड मी तोवर बघितला नव्हता. ते दर्शनाला गेल्यावर माझ्या लक्षात आलं की डाव्याची पट्टी बक्कलापाशी उसवलेली आहे. मी काय करावं? पोती शिवायचं दाभण घेतलं, पूजेच्या पुड्यांना बांधायचा लाल नाडा ओवला आणि पट्टीच्या आतल्या बाजूनं दोन घट्ट टाके घातले. कुणी सांगितलं नव्हतं. सुंदर वस्तू मोडलेली बघवली नाही, एवढंच. बाईंना आल्यावर दाखवावं, त्या 'शहाणी गं' म्हणतील, असंही मनात होतं. हे कबूल करताना आजसुद्धा माझ्या कानशिलांना ऊब येते.

त्यांच्यातली एक बाई, डॉक्टरीणबाईंची बहीण, रडणारं पोर कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी परत आली. "आमचे चार जोड दे, गाडीत टाकते," म्हणाली आणि स्वतःच वाकून पिशवीत भरू लागली. घरचंच माणूस म्हणून मी मोजलं नाही. माझी चूक झाली असेल तर ही, एवढीच. तासाभरानं बाकीची मंडळी आली आणि मोरपंखी जोड मिळेना. मी म्हणाले, मावशींनी नेला. मावशी गाडीतून म्हणाल्या, मी तीनच नेले, बाकी पोरगी जाणे. डॉक्टरीणबाई तापलेल्या फरशीवर एक पाय उचलून दुसरा टेकवत उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अहो, बेंगलोरहून आणलेला जोड. हिलाच आवडला असेल. ठेवलायस का गं बाजूला?" हसून म्हणाल्या, हे महत्त्वाचं. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळी पायरी ऐकत होती. आणि अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "मंगल, ठिवलीस का कुटं? असलीस तर दे की."

दे की! मग अण्णा घरात गेले आणि खुंटीवरचा कागदातला जोड घेऊन आले. आईचा होता. मामाच्या लग्नासाठी घेतलेला, चालताना कर्रकर्र वाजणारा, तिनं एकदाच घातलेला. अण्णांनी वाकून तो बाईंच्या पायांपुढं ठेवला. बाईंनी घातला आणि कर्रकर्र करत गाडीकडं गेल्या. आई दारात नारळ हातात घेऊन उभी होती. संध्याकाळी अण्णांनी माझी पत्र्याची पेटी ओढून अंगणात उपडी केली. शाळेचा ड्रेस, वह्या, बंद पडलेलं घड्याळ, एका मैत्रिणीनं दिलेलं मोरपीस. सगळं पायानं चिवडून बघितलं. सापडलं नाही. सापडलं नाही तरी 'मी चुकलो' म्हणाले नाहीत. म्हणाले, "विकलीस जनू." त्या दिवशी आई चुलीपासून उठून बाहेर आली. ती फारशी बोलणारी बाई नव्हती. "जोतिबाची आन हाय," ती म्हणाली. "पोरीवरचा आळ फिटंपतूर मी पायात काय घालनार न्हाय." अण्णा म्हणाले, "नगं घालूस. तेवढंच वाचलं."

आणि तिनं घातलं नाही. ऊन सरलं, पावसाळा आला, डोंगरावर चार महिने धुकं नि चिखल, तिच्या बोटांमधल्या बेचक्या कुजून पांढऱ्या झाल्या. थंडीत टाचांना भेगा पडल्या, त्यात ती मेण भरायची. यात्रेकरूंना वाटायचं, बाईचा देवाला नवस आहे. तिच्या पाया पडायचेसुद्धा. ती पाय मागं घ्यायची. मी दहावीचा अभ्यास कंदिलावर केला, दिव्यावर केला, फळीखाली केला, आणि दर वेळी पुस्तकातून डोकं वर काढलं की ते पाय दिसायचे.

दहावीला मला बरे मार्क पडले. मास्तर स्वतः घरी येऊन अण्णांना म्हणाले, पोरीला कोल्हापूरला सायन्सला घाला. अण्णा मास्तरांपुढं व्हय म्हणाले, कारण मास्तरही नारळ आमच्याकडूनच घ्यायचे. मागनं मला म्हणाले, "जा. पर एकदा जरी तंटा माज्या कानावर आला, तर दप्तर गुंडाळायचं नि फळीखाली बसायचं. पुडल्या वरसी लगीन." एवढी साधी अट. म्हणजे माझं शिक्षण माझ्या तोंडावर अवलंबून होतं, आणि तोंड मला आईच्या आईकडून मिळालं होतं.

अकरावीचा वर्ग ऐंशीवर पोरांचा. पोरं एकीकडं, पोरी दुसरीकडं, पंखा मधोमध आणि त्याचा वारा कुणालाच नाही. मी पहाटेच्या एसटीनं यायची, भिजलेली परकराची कड पिळून वर्गात बसायची. रसायनाच्या सरांनी पहिल्या आठवड्यात एक टूम काढली होती. रोज तास संपताना दहाजणांनी उठून आपली ओळख करून द्यायची. नाव, गाव, वडील काय करतात, आणि तुमच्या गावाला आलं तर काय बघायचं. मग वर्गातल्या कुणीही एकानं त्याला एक प्रश्न विचारायचा. "दोन वर्षं एकत्र काढायचीत, माणसं माहीत पाहिजेत," सर म्हणायचे. वाईट कल्पना नव्हती. एक मुलगा गगनबावड्याचा होता, तो म्हणाला, "आमच्या गावाला आलं तर काय बघायचं ते धुक्यात दिसत न्हाय सर." सगळे हसले, तोही हसला. मला वाटलं, आपणही असंच काहीतरी बोलू.

माझी पाळी आली. मी उठले, नाव सांगितलं, जोतिबाच्या डोंगरावरची आहे म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी चांगभलं केलं. वडील? "दुकान आहे." कसलं? "नारळ-गुलालाचं." सर खुलले. "अरे वा! म्हणजे आमची पायताणं तुमच्याचकडं की!" पुन्हा हसू. त्यात वाईट काही नव्हतं. मीही हसले. मग सर म्हणाले, विचारा एक प्रश्न. माझ्या पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. केस मोकळे, अंगावर छत्रीचा एक थेंब नाही. "प्रश्न नाही सर, सूचना आहे," ती म्हणाली. "हिच्याकडं चपला ठेवू नका. आमच्या आईची गेली हिच्याकडनं."

त्या वेळचं हसू वेगळं होतं. आतापर्यंत खिडकीबाहेर बघणारेही वळून बघायला लागले. सरांनीसुद्धा हसत "बरं झालं सांगितलंस" म्हटलं आणि पुढचा नंबर पुकारला. तिचं नाव केतकी, हे मला नंतर कळलं. मी तिला आठवडाभर रोज बघत होते आणि ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? येताना मी पायच बघायची, आणि परतताना तो चेहरा गुलालात असायचा. मी खाली बसले. तोंड लपवायला मान खाली घातली, आणि माझी नजर जायची तिथं गेली. इतके दिवस तिच्या पायात बंद पावसाळी बूट असायचे. आज पुढच्या बाकाखाली तिनं पायावर पाय टाकला होता. मोरपंखी रंग. पानाच्या आकाराचं पितळी बक्कल.

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ती मी त्या दिवशी अनुभवली. तोच जोड कशावरून, असं मी स्वतःलाच चारदा विचारलं. असे जोड दुकानात शंभर असतील. तेवढ्यात तिनं पाय हलवला, डावी पट्टी सैल झाली आणि आतल्या बाजूला लाल दोरा दिसला. दोन टाके. माझे. मी उठून तिथंच तिची वेणी धरायला हवी होती, पण तिला वेणी नव्हती आणि मला अण्णांची अट होती. बेल झाली. जिन्यात दोन मुलांनी माझ्याकडं बघून आपापल्या चपला हातात घेतल्या नि छातीशी धरल्या. अख्खा जिना हसला.

घरी आले तेव्हा आई पाटावरवंट्यावर चटणी वाटत होती. मी कपडे न बदलताच तिच्यापुढं बसले.

"आई, ती पायताणं सापडली."

तिचा हात थांबला. "कुटं?"

"त्या डॉक्टरच्या पोरीच्या पायात हायत. माझ्याच वर्गात हाय ती. भर वर्गात मला चोर म्हणाली, आणि पायात तीच घालून!"

"तीच कशावरनं?"

"माझा टाका हाय त्यात. लाल नाड्याचा."

आईनं वरवंटा बाजूला ठेवला. माझ्याकडं नाही, स्वतःच्या पायांकडं बघितलं. "म्हंजे घावली हुती त्यास्नी," ती सावकाश म्हणाली. "घावली, आनि सांगाय कोन आलं न्हाय."

अण्णा दारात कधी येऊन उभे राहिले आम्हाला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तरी. एक शब्द पुरला असता. माझ्या डोक्यावर हातसुद्धा नको होता. ते म्हणाले, "घावली न्हवं? मग झालं की. आता त्येचा बोभाटा करू नगंस. दोन गाड्या येत्यात त्यांच्या." आणि जाताना वळून म्हणाले, "अट ध्यानात हाय न्हवं?"

स्वतःची चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा धास्तावतो तसे ते धास्तावले होते, आणि चोरी माझी नव्हती, त्यांचीही नव्हती. त्या एका गोष्टीचा मी इतक्या वर्षांत सर्वांत जास्त विचार केला आहे. आईनं मला वाढलं. गुलाबी भाकरी, चटणी, वर तेल. म्हणाली, "खा. उद्या कॉलेजात तुजं तोंड हाय, आमचं न्हाय." बास, एवढंच. जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी केतकीची ओळख होती. ती ऐटीत उभी राहिली. नाव, गाव कोल्हापूरच, वडील डॉक्टर, आई घरीच, आवड नृत्याची. आमच्या गावाला आलात तर रंकाळा बघा, भेळ खा. सर म्हणाले, विचारा. गगनबावड्याच्या मुलानं हात वर केला होता, पण मी आधीच उभी राहिले होते.

"तुझ्या पायातला जोड कुठं घेतलास?"

वर्गात खसखस पिकली. चप्पलवालीनं चपलेचाच प्रश्न विचारला म्हणून. केतकीही हसली. "माझा नाही, आईचा आहे. बेंगलोरहून आणलेला."

"जोतिबावरनं गेला म्हणालीस तोच की दुसरा?"

तिचं हसू तोंडावरच राहिलं, पण त्यातला जीव गेला.

"डाव्या पट्टीच्या आत बघ," मी म्हणाले. आवाज चढला होता, शाळेतलं सगळं पुस्तकी मराठी पळून गेलं होतं. "लाल नाड्याचं दोन टाकं हायत का न्हाईत बघ. मी घातल्यात. तुझ्या आईचा पट्टा तुटलेला मी शिवला, आणि तुझ्या आईनं मला चोर केलं. बघ की! काढ नि दाखव सगळ्यास्नी!"

ती वाकली. पट्टी उलटून बघितली. वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लाज असेल असं तुम्हाला वाटेल. नव्हती. गोंधळ होता, आणि थोडा वैताग. "अगं हो, सापडल्या होत्या त्या नंतर," ती म्हणाली. "गाडीच्या डिकीत होत्या, पिशवीत. मावशीच्या लक्षातच नव्हतं."

"मग सांगायला का आला न्हाईसा?"

"चपला सापडल्या हे सांगायला परत घाट चढून यायचं?"

तिनं हे उद्धटपणानं विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. दर महिन्याला त्यांच्या गाड्या घाट चढून येतच होत्या, हेही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. काल मला चोर म्हणताना पायात तोच जोड आहे हे ती लबाडीनं लपवत नव्हती, ती विसरली होती. आमच्या घरात सव्वा वर्ष एक बाई चिखलातून अनवाणी फिरत होती, आणि यांच्या घरात ती सांगायला एक मजेची गोष्ट होती, तिचा शेवटसुद्धा लक्षात ठेवावासा वाटला नव्हता. लबाड माणसाशी भांडता येतं. हिच्याशी काय भांडू? तरी मी तोंड उघडलं, पण सरांनी डस्टर टेबलावर आपटलं. "बास, बास. एकच प्रश्न म्हटलं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून वर्गात भांडणं नकोत. पुढचा नंबर." पुढचा नंबर उठला. कुणी माझी माफी मागितली नाही. मात्र मधल्या सुट्टीत जिन्यात मी आले तेव्हा कुणाच्या हातात चपला नव्हत्या, आणि गगनबावड्याचा तो मुलगा बाजूला सरकून म्हणाला, "जा, पुढं जा." मला त्याचाही रागच आला. कालही तो जिन्यातच होता.

रविवारी डॉक्टरांच्या दोन गाड्या आल्या. येणार हे मला माहीत होतं. मी फळीखाली माझ्या जागेवर होते, कारण रविवारी जागा तीच. डॉक्टरीणबाई आल्या आणि नेहमीसारख्या हसल्या. "अण्णा, तुमची पोरगी वकील होणार हं! भर वर्गात आमच्या केतकीला उभं केलं!" केतकी गाडीतच बसून होती. "अहो, त्या चपला सापडल्या होत्या नंतर. सांगायचं राहूनच गेलं बघा."

राहूनच गेलं. दुधाला विरजण लावायचं राहून जातं. पत्राला तिकीट लावायचं राहून जातं. अण्णा हसले. माझ्या देखत, दात दाखवून हसले. "चालायचंच वैनीसाब. ल्हान पोरगी हाय, तिला काय कळतंय. काढा की पायताणं, ठेवा."

बाईंनी पायातली काढली. माझ्यापुढं सरकवली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. मला वाटतं मी एरवी उचललीही असती, सवयीनं. पण मागून आई आली. ओल्या फरशीवर तिच्या पायांचा आवाज होत नसे, ती थेट बाईंच्या समोर दिसली. डोक्यावर पदर घेतला होता, हात गुलालानं लाल.

"बाई, माजा जोड?"

"तुमचा?"

"त्या दिवशी घालून गेलासा त्यो. कर्रकर्र वाजनारा."

"अय्या, तो होय? तो आमच्या धुणंवालीला दिला की. मला घट्ट व्हायचा."

आई जरा वेळ त्यांच्या पायांकडं बघत राहिली. गोरे, मऊ, नखांना रंग. मग तिनं वाकून माझ्यापुढचा जोड उचलला आणि त्यांच्या हातात दिला. हातात, पायांपुढं नव्हे. "पायताणं संगट घिऊन जावा," ती म्हणाली. "आमच्या दुकानात ठिवायची न्हाईत. हितं चोरी हुती."

अण्णा तिच्या अंगावर ओरडले, बाईंच्या मागं धावले, "वैनीसाब, ऐका की, बाईमाणूस हाय, डोस्कं फिरलंय तिचं" म्हणत चार दुकानं गेले. मंडळी समोरच्या ओळीतल्या दुकानात वळली. अकरा नारळ तिथं खपले. अण्णा परत आले. गल्ल्यावर बसून संध्याकाळपर्यंत त्यांनी एकदाही आरोळी दिली नाही. जेवताना मात्र बोलले. ताटाकडं बघत. "उद्यापास्नं कॉलेज बंद. म्या सांगितलंतं." आई त्यांच्या ताटात भाकरी घालत होती. ती घालून झाली, मग कोरड्यास वाढलं, मग ती म्हणाली, "आळ फिटला न्हवं? तेवढं तोंडानं म्हना. मग बंद करा." अण्णा भाकरी कुस्करत राहिले. ते म्हणाले नाहीत. पुढं वीस वर्षं जगले, माझं लग्न केलं, माझ्या नोकरीचे पेढे डोंगरभर वाटले, दवाखान्यात माझ्याच हातानं पाणी प्यायले, पण ते एक वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मी वाट बघितली. शेवटच्या दिवशीसुद्धा मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. त्यांनी खिडकी लावायला सांगितलं.

सोमवारी सकाळी मी अंथरुणातच पडून होते. कशाला उठू? आईनं पांघरूण ओढलं. "गाडी चुकंल," म्हणाली. मी दप्तर घेतलं. अण्णा अंगणात तांब्या घेऊन तोंड धूत होते, त्यांची पायताणं उंबऱ्यापाशी काढलेली होती. जाड तळाची, करकरीत चामड्याची, गिऱ्हाइकापुढं दुकानदार चांगला दिसावा म्हणून घेतलेली. आई उंबऱ्यावर आली, तिनं ती एका पायानं सरळ केली आणि त्यात आपले भेगाळलेले पाय घातले. नवऱ्याच्या पायताणात पाय घातलेली बाई आमच्या डोंगरावर मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. तिला ती दोन बोटं मोठी होत होती. अण्णांनी चूळ तोंडातच धरली होती.

"चल," आई मला म्हणाली.

आम्ही बाजारातून निघालो. दुकानं नुकती उघडत होती. फट्, फट्, फट् असा तिचा आवाज साऱ्या गल्लीभर. सव्वा वर्षानं तिच्या चालण्याला आवाज आला होता. बायका हातातली कामं टाकून बघत होत्या, एकीनं विचारलं, "काय गं, नवस फिटला?" आई चालता चालता म्हणाली, "व्हय." स्टँडवर गाडी लागली होती. मी चढले, खिडकीशी बसले, ती खाली उभी राहिली. गाडी हलली तशी ती वळली आणि परत फट् फट् करत चढाला लागली.

त्या दिवशी अण्णा दुकानात अनवाणी बसले होते, असं समोरच्या दुकानदाराच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. दुपारपर्यंत त्यांनी पायताणं मागितली नाहीत आणि आईनं काढली नाहीत.